लेव्हल वन म्हणजे कितवा मजला?

नाशिक रोड, १२ जून २००५

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

तुझा नियम पाळते आहे. फोनवर माणूस नुसतं "बरं आहे" म्हणतो, खरं काय ते पत्रातच लिहावं. तर खरं असं, की मी मास्तरीण झाले. तुझ्यासारखी खडू-फळ्याची नाही. गंगापूर रोडला मनोज सरांचं सेंटर आहे, तिथे बांधकामातल्या लोकांना, म्हणजे इंजिनियर, ड्राफ्ट्समन, सुपरवायझर यांना, कम्प्युटरवर इमारतीचं मॉडेल करायला शिकवते. सरांनी त्यासाठीच मला पुण्याला पाठवून तयार करून आणलं होतं. आता एका मोठ्या बिल्डरने आपली सगळी माणसं आमच्याकडे धाडली आहेत. त्याच्या इमारती यापुढे मॉडेलवरूनच उभ्या राहणार आहेत.

मॉडेल म्हणजे काय, हे तू विचारशीलच. नकाशात भिंत म्हणजे दोन रेघा. इथे भिंत म्हणजे भिंतच, जाडी-उंची-प्लास्टरसकट. ती सरकवली की तिच्यातलं दार सरकतं, आणि विटा किती लागतील तो आकडाही आपला आपण बदलतो. इमारत आधी पडद्यावर उभी राहते, म्हणजे चुका पडद्यावरच सापडाव्यात.

गंमत वर्गात आहे. सर इंग्रजीत शिकवतात, नोट्स इंग्रजीत, पडद्यावरही इंग्रजी. आयुष्य साइटवर घालवलेली माणसं शाळकरी पोरांसारखी माना डोलावतात. "कळलं का?" तर "येस मॅडम." परवा सर बाहेर गेले आणि मी सरळ मराठीत सुरू केलं. पेठकडचे गोटीराम म्हणून सुपरवायझर आहेत. ते म्हणाले, "आता बरं वाटलं बघा. इतके दिस समदं डोक्यावरून जात हुतं." आणि मग जे प्रश्न सुरू झाले ते थांबेनात. सर परत आले तेव्हा दारातच उभे राहून ऐकत होते. कपाळाला आठी होती.

आठी असू दे. मी मराठीतच शिकवणार आहे.

तुझी,
चैताली


नामपूर, २० जून

चि. चैताली,
जयभीम आणि आशीर्वाद.

मास्तरीण झालीस, फार आनंद झाला. शेजारच्या नवसाबाईला अभिमानाने सांगितलं, तर ती म्हणे, "मॉडेल? टीव्हीमा ऱ्हास ती?" टीव्हीत दिसणारी मॉडेल नव्हे, हे तिला समजावून दमले. खरं सांगायचं तर मला स्वतःलाही थर्माकोलच्या घराचाच भास झाला होता. आता भिंत सरकली की दार सरकतं हे कळलं. आमच्या शाळेच्या इमारतीत न सरकवताच सगळं सरकलेलं होतं.

पण तुझी शेवटची ओळ आवडली नाही. मराठीतच शिकवणार म्हणजे काय? मी अख्खी नोकरी प्राथमिक शाळेत काढली ती काय हौसेने? तपासणीला आलेला साहेब मुख्याध्यापकांसमोर इंग्रजीत बोलायचा आणि मी भिंतीकडे बघत उभी राहायची. तेव्हाच ठरवलं, की माझ्या भावाच्या, भिकनच्या पोरीला ही वेळ येऊ द्यायची नाही. दर सुटीत तुला पुढ्यात बसवून इंग्रजी वाचून घेतलं ते विसरलीस? जी गोष्ट आपल्या लोकांना कोणी सुखासुखी दिली नाही, ती हाती आली तर तू ती वर्गाबाहेर ठेवून येतेस. हातचं सोडून पळत्याच्या पाठीस लागू नकोस. सरांचं ऐक.

तुझी आत्या,
लता


नाशिक रोड, ६ जुलै

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा राग आला. मी इंग्रजी सोडलेली नाही. तूच दिलीस म्हणून तर ते जाडजूड पुस्तक वाचून मी मराठीत सांगू शकते. विहिरीवर पोचलेल्या माणसाने पाणी काढून इतरांना द्यायचं नाही, तर कोणी द्यायचं? भिंतीकडे बघत उभं राहणं किती वाईट हे तू सांगतेस. माझ्या वर्गात सगळे तसेच बसलेले आहेत. त्यांना मी कसं बसू देऊ?

आणि हा नुसता मानापमानाचा प्रश्न नाही. एक गोष्ट सांगते. आमचं सॉफ्टवेअर जमिनीवरच्या मजल्याला "लेव्हल वन" म्हणतं, कारण ते ज्या देशात तयार झालं तिथे जमिनीवरचा मजला तोच पहिला. आपल्याकडे जमिनीवरचा तो तळमजला. पहिला म्हणजे त्याच्या वरचा. आता "लेव्हल वन" वाचून आपला माणूस काय समजेल? पहिला मजला. मी सरांना म्हटलं, मॉडेलमध्ये मजल्यांची नावं बदलून "तळमजला, पहिला, दुसरा" करू, मिनिटभराचं काम आहे. सर म्हणाले, "चैताली, हे इंटरनॅशनल टूल आहे. आपण त्याला गावठी करायचं का? लोक शिकतील हळूहळू."

माझ्या तुकडीला मी तोंडी समजावलं आहे. पण सकाळची तुकडी सर स्वतः घेतात. तिथे काय होतं ते मला दिसत नाही.

पप्पा बरे आहेत. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाले तरी शिफ्टला जायचं असल्यासारखे पहाटे उठून बसतात.

तुझी,
चैताली


नामपूर, १४ जुलै

चि. चैताली,

रागावून लिहिलेलं अक्षरसुद्धा तुझं चांगलं येतं, हे बघून बरं वाटलं.

बाकी लेव्हलबिव्हलचं मला सांगू नकोस. नाचता येईना अंगण वाकडं. मोठमोठे देश ते वापरतात, त्यांच्या इमारती पडल्याचं ऐकलं नाही. आपल्या माणसाने एक शब्द नवा शिकावा, त्यात काय बिघडतं? सरांशी वाद घालू नकोस. तू त्या खुर्चीत बसलेली मला हवी आहेस. तिथून तुला कोणी उठवलं तर नामपुरात मी तोंड दाखवणार नाही.

आत्या


नाशिक रोड, १० ऑगस्ट, दुपार

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

उशिरा लिहिते आहे, रागावू नकोस. इकडे सगळं ठीक. पाऊस यंदा बरा आहे. कॉलनीतल्या समाजमंदिराचं छत गळत होतं ते पत्रे टाकून नीट केलं. पप्पांनी त्यात पुढाकार घेतला, दोन दिवस शिडीवरून उतरले नाहीत. मी त्यांना उकडीचे मोदक करून घातले, बरे झाले होते.

वर्ग चालू आहे. शिकणाऱ्यांची प्रगती चांगली आहे. तुला संधिवाताचं तेल पाठवू का? इथे चांगलं मिळतं.

बाकी विशेष काही नाही.

तुझी,
चैताली


नामपूर, १७ ऑगस्ट

चि. चैताली,

मी इतकी वर्षं मुलांचे निबंध तपासले. ज्याने अभ्यास केलेला नसतो तो गाईवरच्या निबंधात गोठ्याचं वर्णन करतो.

पत्रावर बुधवारची तारीख आणि वर "दुपार". बुधवारी दुपारी तुझा वर्ग असतो. मग घरी बसून मोदक कोण करत होतं? अख्ख्या पत्रात तुझ्या सरांचं नाव नाही, गोटीरामांचं नाही, इंग्रजी-मराठीवरून माझ्याशी भांडण नाही. तू भांडत नाहीस म्हणजे काहीतरी झालेलं आहे. उलट टपाली लिही. तेल नको.

आत्या


नाशिक रोड, २४ ऑगस्ट

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

मला उठवलं. तू म्हणाली होतीस की मग तोंड दाखवणार नाही, म्हणून लिहिलं नव्हतं. आता ऐक.

बिल्डरच्या नव्या इमारतीत खाली सगळं पार्किंग आहे, घरं पहिल्या मजल्यापासून. घरातल्या संडास-बाथरूमच्या जागी स्लॅब थोडा खाली घ्यावा लागतो आणि पाइपांसाठी भोकं सोडावी लागतात. साइटवर राकेश नावाचा तरुण इंजिनियर आहे, सरांच्या सकाळच्या तुकडीतला. सरांनी मोठ्या तोऱ्यात जुने नकाशे बंद करून फक्त मॉडेलचे छापील कागद साइटवर पाठवले. राकेशने पहिल्या मजल्याचा स्लॅब टाकण्यासाठी "लेव्हल वन" लिहिलेला कागद काढला. तो पार्किंगचा कागद. पार्किंगला कुठला संडास? सगळा स्लॅब सपाट आणि बिनभोकाचा पडला. कोणालाच शंका आली नाही असं नाही. पण सगळ्यांना वाटलं, नवी पद्धत आहे, काहीतरी वरून करणार असतील. कम्प्युटरला उलट कोण विचारणार?

आता ब्रेकर लावून तो तोडताहेत. आवाज चौकापर्यंत येतो.

बिल्डर सरांवर उखडला. सरांनी मला बोलावलं आणि टाइप केलेला कागद पुढे केला. "प्रशिक्षण मराठीत दिल्यामुळे गैरसमज झाला व त्यास मी सर्वस्वी जबाबदार आहे." खाली माझ्या सहीची जागा. मी म्हटलं, सर, राकेश तुमच्या तुकडीत आहे, तो इंग्रजीत शिकला. गैरसमज ज्या शब्दाचा झाला तो शब्द इंग्रजी आहे. तो बदला म्हणून मी आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, "सही कर, प्रकरण मिटेल, महिनाभराने परत ये. नाही तर येऊ नकोस." मी सही केली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशानेच दोर आणून द्यायचा?

पप्पा म्हणतात, एक सहीच तर आहे, वाकल्याने कोणी मोडत नाही. मला वाटतं, या सहीने मोडेन. उद्या कोणीही मराठीत काही शिकवायला उभं राहिलं, की हा कागद दाखवतील.

तुझी,
चैताली


नामपूर, १ सप्टेंबर

चि. चैताली,

तुझं पत्र वाचलं. भिकनचं म्हणणं मला पटतं. आपण कोण, ते लोक कोण, याचा विचार कर. आपल्या माणसाला एकदा दारातून काढलं की पुन्हा ते दार लवकर उघडत नाही, हे मी पाहिलेलं आहे. हट्टापायी तू ते आपल्या हाताने लावून घेऊ नकोस.

मी माझ्या परीने जे करायचं ते केलं आहे. आता तू डोकं थंड ठेव.

आत्या


नाशिक रोड, १२ सप्टेंबर

आत्या,

मनोज सरांनी आज बोलावून तुझं पत्र माझ्यापुढे ठेवलं. "मुलगी अजाण आहे, तिचं चुकलं, पदरात घ्या." खाली तुझं नाव, आणि "निवृत्त शिक्षिका" असंही. सर म्हणाले, "बघ, तुझ्या घरच्यांनीच कबूल केलंय. आता सहीला काय हरकत आहे?"

बिल्डर बोलला, सर बोलले, ते मी ऐकून घेतलं. ती परकी माणसं आहेत. तू मला न विचारता माझी चूक कबूल केलीस, तीही जी मी केलेली नाही. मी सव्वीस वर्षांची आहे. अजाण नाही. वर्गात उत्तर येत असलेल्या मुलीला तू कधी खाली बसवलं असशील असं मला वाटत नाही. मला बसवलंस.

सही मी केलेली नाही आणि करणार नाही. राकेशलाही बिल्डरने काढलं. रविवारपासून समाजमंदिरात मी वर्ग सुरू करते आहे. माझा कम्प्युटर आणि गोटीरामांच्या पुतण्याचा एक, एवढंच सामान आहे. राकेश येणार आहे, गोटीराम येणार आहेत, आणखीही काही जण. मराठीत शिकवणार. कोणाला काय कबुली द्यायची असेल त्याने खुशाल द्यावी.

चैताली


नामपूर, २५ सप्टेंबर

चि. चैताली,

तुझ्या पत्रात जयभीमसुद्धा नव्हता. मी ते पाकीट दिवसभर देव्हाऱ्यात ठेवावं तसं बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवलं होतं. फोटोकडे बघायची हिंमत होईना.

शेजारी नवसाबाईचं बांधकाम चाललं आहे. संध्याकाळी तिच्या गवंड्याला विचारलं, "दादा, पहिला मजला कोणता?" तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही बाईंचं डोकं फिरलं आहे. म्हणाला, "वर शे ना बाई. खाल ते जमीन शे." दुसऱ्या दिवशी मी सटाण्याहून नाशिकची एसटी पकडली. तुला कळवलं नाही, कारण तू अडवलं असतंस.

तुझ्या सरांच्या गंगापूर रोडच्या इमारतीखाली वॉचमनला विचारलं, सेंटर कुठे? म्हणाला, "पहिला मजला, आजी. लिफ्ट बंद हे." जिना चढताना गुडघ्यांनी काय सांगितलं ते लिहीत नाही. दारावरच्या पाटीवरही इंग्रजीत तेच लिहिलेलं होतं, फर्स्ट फ्लोअर. एवढं इंग्रजी मला येतं.

माणूस सभ्य आहे तुझा. खुर्ची दिली, चहा मागवला आणि इंग्रजीत सुरू झाला. मी त्याचं सगळं ऐकलं. या वेळी भिंतीकडे बघितलं नाही, त्याच्याकडेच बघितलं. मग म्हटलं, "सर, एकच विचारायचं आहे. हे तुमचं ऑफिस कितव्या मजल्यावर?" म्हणाला, "फर्स्ट." मी म्हटलं, "आणि हीच इमारत तुमच्या मशीनमध्ये घातली, तर हा मजला कोणती लेव्हल?" चहा तसाच धरून बसला. मी म्हटलं, "टू ना? मग तुम्ही स्वतःच्या दारावरची पाटी मशीनप्रमाणे बदला, नाही तर मशीन पाटीप्रमाणे बदला. पण माझ्या पोरीची सही मागू नका. आणि माझं पत्र परत द्या. ते मी न समजता लिहिलं होतं."

पत्र दिलं त्याने. तिथेच फाडून पर्समध्ये टाकलं. चैताली, तो वाईट नाही, घाबरलेला आहे. बिल्डर हातचा जाईल म्हणून दुसऱ्याला पुढे करतो. मीही तेच केलं, मीही घाबरले होते. तुझ्या हातून खुर्ची जाईल, आणि मग माझी इतक्या वर्षांची मेहनत जाईल, असं मला वाटलं. माझं चुकलं. हे मी तुझ्या पप्पालाही फोनवर सांगितलं, तर तो म्हणे, ताई, लाइन खराब आहे का?

तुझ्या घरी न येता परतले, कारण तू दार उघडशील की नाही याची खात्री नव्हती.

तुझी आत्या,
लता


नाशिक रोड, ९ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

दार उघडलं असतं. भांडले असते, पण उघडलं असतं. पुढच्या वेळी गंगापूर रोडपर्यंत येऊन परत गेलीस तर मात्र खरंच उघडणार नाही.

तू गेल्यावर सरांनी मॉडेलमधली नावं बदलली. "तळमजला, पहिला, दुसरा." राजू नावाचा सेंटरमधला ऑपरेटर सांगत होता, की बिल्डरकडून परत एका इमारतीचं काम आलं आणि सरांनी ते तसंच करून दिलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग परवा सर स्वतः समाजमंदिरात आले. वर्ग चालू होता. मागे सतरंजीवर बसले आणि तास संपेपर्यंत ऐकलं. राकेश जिन्याचं मॉडेल करत होता, तीनदा चुकला, चौथ्यांदा जमलं. नंतर सर म्हणाले, "परत ये. पगार वाढवतो. त्या कागदाचं विसरून जा. मजल्यांची नावंही आता मराठीत आहेत. फक्त शिकवणं तेवढं इंग्रजीत ठेव, सेंटरच्या इमेजचा प्रश्न आहे."

पप्पाही तिथेच होते, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना मी जावं असं वाटत होतं, ते मी ओळखलं. या महिन्यात घरात ओढाताण आहे, तेही खरं. मी सरांना विचारलं, "स्लॅबचं बिल्डरला खरं काय ते सांगितलंत? राकेशला परत घेणार?" म्हणाले, "झालं गेलं कशाला उकरायचं?"

मी म्हटलं, "सर, तुम्हाला माझी सही हवी होती ना? थांबा, देते." वहीतला कोरा कागद फाडला आणि सगळ्यांसमोर लिहिलं: "मी, चैताली भिकन पगारे, लिहून देते की मी बांधकामाचं मॉडेलिंग मराठीत शिकवत होते, मराठीत शिकवते आहे आणि मराठीतच शिकवणार आहे. याला मी सर्वस्वी जबाबदार आहे."

कागद त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, हा फाइलला लावा. त्यांनी घडी घातली, खिशात ठेवला आणि गेले. गोटीराम म्हणाले, "म्याडम, आता आमचा जिना पुरा करू द्या."

आत्या, खाली सही मात्र इंग्रजीत केली. शेवटच्या अक्षराला ती लांब शेपटी काढतात ना, तशीच. ती तू शिकवलेली आहे, ती मी कोणासाठीही बदलणार नाही.

तुझी,
चैताली